पळसवडीची दोन कुलपं

मंडळी, पळसवडीच्या हौसाबाईंच्या रतनचं लग्न झालं आणि नवरदेवाचा कान टेलिफोनवरून पिळला गेला, त्या वर्षाची ही गोष्ट. हसता काय? खरंच पिळला! सांगतो. पण आधी एक सवाल टाकतो. परमुलखात आपल्या माणसांवर हल्ला झाला अशी बातमी आली, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कुठला निघतो? लगेच उत्तर देऊ नका. लगेच दिलेली उत्तरं फार ऐकली. कान थकले आता.

मृदंगवाले, हात जरा खाली घ्या. ही कथा ठेक्यावर सांगायची नाही.

हौसाबाई माने. नवरा लवकर गेला. एक लेक रतन, एक मुलगा पोपट. पोपट गाडी चालवायला शिकला, दिल्लीत सरकारी गाडीवर लागला, आणि तिथून त्याला धाडलं समुद्रापलीकडं, आपल्या वकिलातीत. वकिलात म्हणजे काय? परमुलखातलं आपल्या देशाचं घर! दारावर आपला झेंडा. तिकडं कुणाचे कागद हरवले, कुणी अडचणीत सापडलं, कुणी वारलं, तर आपल्या माणसानं ठोठावायचं ते दार. हौसाबाईंना वाटे, पोरगा वकिलांच्या घोळक्यात आहे. त्या त्याला फोनवर सांगत, "तुझ्या सायबाला इचार की रं, आपल्या बांधाच्या केसचं काय करायचं?" पोपट हसे. म्हणे, "इचारतो, आई!"

हा फोन यायचा कुठं? तेव्हा खिशाखिशात फोन नव्हते. गावात एकच एसटीडीचं दुकान, बापू शिंत्र्याचं. बापूचा एक पाय लहानपणीच गेलेला. कुबडीवर चालायचा, पण गावातली निम्मी सुखदुःखं त्याच्या दुकानातून आत यायची. दर गुरुवारी, बाजारच्या दिवशी, दुपारी पोपटचा फोन. हौसाबाई बाजाराची पिशवी घेऊन दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या. घंटी वाजली की बापू ओरडायचा, "हौसाक्का, आला गं तुझा पोपट!"

तर रतनचं लग्न. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो. आणि भाऊ तर समुद्रापल्याड! मग काय करावं? वाजतगाजत नवरदेवाला बाशिंगासकट नेलं बापूच्या दुकानात. रिसीव्हर कानाला लावला. तिकडून पोपट म्हणाला, "दाजी, पिळला बरं का! माझ्या बहिणीला नीट सांभाळा, न्हाईतर तिथं येऊन दुसरा पिळीन!" आणि नवरदेव, मंडळी, खरंच कळवळला! बापूनंच मागून कान धरला होता. गाव पोट धरधरून हसलं.

त्याच वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, बातमी आली. वकिलातीच्या फाटकावर जमाव चालून गेला. जाळपोळ झाली, स्फोट झाला. टीव्हीवर सांगितलं, काही माणसं जखमी, त्यांत एक भारतीय ड्रायव्हर. नाव सांगितलं नाही.

गावात टीव्ही चावडीत. हौसाबाई धावत गेल्या. दारात उभ्या राहिल्या, आत जायला वाट नाही. आत काय चाललं होतं?

पळसवडीत दोन पुढारी. एक अंकुशराव, त्यांच्या पक्षाचं तेव्हा दिल्लीत राज्य. दुसरे भाऊसाहेब, त्यांचं राज्य नुकतंच गेलेलं. भाऊसाहेब टेबलावर मूठ आपटत होते, "हे सरकार झोपलंय! वकिलातीला पहारा का नव्हता? राजीनामा द्या म्हणावं!"

अंकुशराव उठले, "देशावर वेळ आलीय अन् तुम्ही राजकारण करताय? अशा वेळी सरकारच्या पाठीशी उभं राहायचं असतं! लाज वाटू द्या जरा!"

हौसाबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. कशानं? भीतीनं तर खरंच. पण आणखीही एक होतं. हे बोलणं त्यांनी आधी ऐकलं होतं. काही वर्षांमागं दुसऱ्या एका मुलखात आपल्या वकिलातीवर दगडफेक झाली होती. तेव्हा दिल्लीत भाऊसाहेबांचं राज्य. आणि तेव्हा याच चावडीत, याच टेबलावर मूठ आपटून, "सरकार झोपलंय" कोण म्हणालं होतं? अंकुशराव! आणि "राजकारण करताय, लाज वाटू द्या" कोण? भाऊसाहेब! भाषण तेच. मूठसुद्धा त्याच जागी! नुसती खुर्च्यांची अदलाबदल!

हसा, मंडळी, हसा. मलाही पूर्वी हसू यायचं.

हौसाबाई दारातून म्हणाल्या, "भाऊसायेब, अंकुशराव, तो डायवर कोण हाय ते कुणी इचारलं का?"

मग भाऊसाहेब म्हणाले, "काकू, तुम्ही घरी जा. आम्ही सोडणार नाही त्यांना!"

"कुणाला?"

"सरकारला!"

अंकुशराव म्हणाले, "काकू, चिंता करू नका. सरकार सडेतोड उत्तर देणार आहे!"

बाई घरी आल्या. मागोमाग दोन्हीकडचे कार्यकर्ते. यांना पोपटचा फोटो पाहिजे बॅनरसाठी. त्यांनाही पाहिजे! घरात फोटो एकच, गाडीला टेकून उभा असलेला. "मावशी, आम्ही आधी आलो." "आधी आलात म्हणून काय पोपट तुमच्या पक्षाचा झाला?" एकानं तर हारसुद्धा आणला होता. हौसाबाईंनी तो हार बघितला आणि फोटो पदराखाली धरला. म्हणाल्या, "अरे मुडद्यांनो, अजून त्याचं काय झालंय ते कळलं न्हाई. हार कुणाला घालताय?"

पोरं खजील झाली, पण बाहेर जाऊन पुन्हा भांडलीच.

बापू शिंत्र्या मात्र दुकानात बसून दिल्लीचा नंबर फिरवत होता. लागत नव्हता. पुन्हा फिरवत होता. बुधवारी संध्याकाळी दिल्लीहूनच फोन आला. बापू कुबडी टाकत, एका पायावर लंगडी घातल्यागत धावला. "हौसाक्का! पोपट हाय! जिता हाय! लई लागलंय, दवाखान्यात हाय, पण शुद्धीवर आलाय. उद्या दुपारी नेहमीच्या येळेला तो तुझ्याशी सोता बोलणार हाय!"

हौसाबाईंनी देवापुढं दिवा लावला. मग चूल पेटवली. दोन दिवसांनी पहिल्यांदा भाकरी केली आणि बापूला वाढली. स्वतः अर्धीच खाल्ली. उद्या त्याच्याशी काय बोलायचं, हे त्या मनात जुळवत बसल्या. "लई दुखतंय का" असं नाही विचारायचं. रडायचं नाही. रतनला दिवस गेलेत, तू मामा होणार, हे सांगायचं! माणसाला उठून बसावंसं वाटेल असं काहीतरी सांगायचं.

आणि गुरुवार उजाडला.

गुरुवारी काय होतं? बंद! भाऊसाहेबांनी पुकारला, सरकारच्या निषेधार्थ. आता अंकुशराव मागं कसे राहतील? त्यांनीही पुकारला, हल्लेखोरांच्या निषेधार्थ. दोघांचे बंद एकाच दिवशी! असा कडकडीत बंद पळसवडीत कधी झाला नव्हता. बाजार उठला. गिरणी बंद, लोहाराचा भाता बंद, चहाची टपरी बंद. दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते दुकानादुकानांतून फिरत बापूपाशी आले.

बापू म्हणाला, "अरे बाबांनो, पोपटचाच फोन यायचाय! ज्याच्यासाठी बंद करताय, त्योच बोलणार हाय!"

अंकुशरावांचा माणूस म्हणाला, "आमची ना नाही रे. पण दुकान उघडं ठेवलं तर हे म्हणतील, सरकारवाल्यांनी बंद मोडला."

भाऊसाहेबांचा माणूस म्हणाला, "आम्ही कशाला म्हणू? तुम्हीच बोंब मारणार, आम्ही बंद मोडला म्हणून!"

"मग काय करायचं?"

"शटर खाली घ्यायचं. फोन काय उद्याही येईल."

घेतलं शटर खाली. बापू कुबडी आडवी घालून उभा राहिला, त्याला उचलून बाजूला ठेवला. भाऊसाहेबांच्या माणसानं आपलं कुलूप घातलं. अंकुशरावांच्या माणसाला वाटलं, आपली पाठ फिरली की हे उघडतील, आणि नाव आपलं होईल. त्यानंही दुसऱ्या बाजूला आपलं कुलूप ठोकलं! एका शटरला दोन कुलपं! एक किल्ली भाऊसाहेबांकडं, एक अंकुशरावांकडं. आणि दोघं कुठं? वेशीवर. दोन ट्रॅक्टर, दोन कर्णे, दोन सभा.

दुपारी हौसाबाई आल्या. धुवट लुगडं नेसून, कुंकवाची जागा मोकळी पण केस नीट विंचरलेले. आवाज ऐकायला जायचं होतं ना! शटर बघितलं. बापू पायरीवर डोकं धरून बसलेला.

"बापू, हे काय?"

बापूनं उत्तर द्यायच्या आत, मंडळी, आत घंटी वाजली.

ट्रिंग ट्रिंग... ट्रिंग ट्रिंग...

बापू उठला आणि वेशीकडं सुटला. हौसाबाईंनी शटरवर दोन्ही हात मारले. पत्र्याचाच आवाज मोठा, आतली घंटी ऐकू येईना. मग त्यांनी हात थांबवले. शटरला तोंड लावलं आणि ओरडल्या, "पोपट! मी हाय रं! हितंच हाय! दार लावलंय या मुडद्यांनी! थांब, ठेवू नगंस!"

कोण ऐकणार? कुलूपबंद फोन उचलल्याशिवाय बोलतो होय?

घंटी थांबली. बाई दगड हुडकू लागल्या. दगड मारला, कुलूप हललं नाही. घंटी पुन्हा वाजली.

तिकडं वेशीवर बापू पोचला. दोन्ही कर्ण्यांतून घोषणा चालल्या होत्या. कोणत्या? "पोपट माने — अमर रहे!" जित्या माणसाला अमर करत होते! तो तिकडं आईला हाका मारतोय, आणि इकडं त्याचा जयजयकार चाललाय!

बापू भाऊसाहेबांच्या ट्रॅक्टरपुढं गेला, "भाऊसायेब, किल्ली! पोपटचा फोन वाजतोय!"

भाऊसाहेबांनी खिशात हात घातला. घातला, हे खरं सांगतो, माणूस दगड नव्हता. मग पलीकडच्या ट्रॅक्टरकडं बघितलं आणि म्हणाले, "अंकुशरावांनी त्यांचं आधी काढलं का?"

बापू पलीकडं गेला. अंकुशराव म्हणाले, "देतो की! त्यांनी दिली का?"

इकडून तिकडं, तिकडून इकडं. एका पायाचा माणूस! शेवटी त्यानं कुबडी अंकुशरावांच्या कर्ण्यावर घातली. कर्णा पडला. गर्दी गप्प झाली. त्या शांततेत बापू रडत म्हणाला, "अरे, त्याची आई शटरला कान लावून बसलीय रे!"

तेव्हा दोन्ही किल्ल्या निघाल्या. दोघंही धावले. दोन्ही कुलपं निघाली, शटर वर गेलं.

फोन गप्प होता.

हौसाबाई आत गेल्या, फोनजवळच्या स्टुलावर बसल्या. दिवेलागण होईपर्यंत बसल्या. अंकुशराव एका बाजूला उभे, भाऊसाहेब दुसऱ्या. भाऊसाहेब हळूच म्हणाले, "काकू, आमचं चुकलंच. पण कुलूप आधी घालायचं असं आमच्या मनात..." अंकुशराव लगेच म्हणाले, "म्हणजे आम्ही घातलं म्हणायचंय का तुम्हाला?"

हौसाबाईंनी दोघांकडं बघितलं. रागानं नाही. दमलेल्या माणसानं चढाकडं बघावं, तसं. म्हणाल्या, "बाहेर जाऊन भांडा. घंटी वाजली तर ऐकू आली पायजे."

पुढं पोपटबरोबरचा एक वकिलातीतला माणूस त्याच्या सामानाची पेटी घेऊन गावाला आला. त्यानं सांगितलं, आम्ही रिसीव्हर त्याच्या कानाशी धरला होता. घंटी जात होती, कुणी उचलत नव्हतं. आम्ही म्हणालो, ठेवू का? तर म्हणाला, "जरा थांबा. आज गुरुवार. आई बाजारात रेंगाळली असंल. येईल. परत लावा." दोनदा लावला. मग त्याच्यात बोलायचं त्राण राहिलं नाही.

मंडळी, आता माझ्याकडं असं बघू नका. अंकुशरावांवर चिडलात? भाऊसाहेबांवर? ते सोपं आहे. उद्या सकाळी तुम्ही पेपर उघडाल. कुठल्या तरी मुलखात कुठल्या तरी देशाचं घर जळालेलं असेल. आपलं असेल, परक्याचंही असेल. तुम्ही चहाचा घोट घ्याल आणि म्हणाल, बघा, यांच्या राज्यात असंच होणार! शेजारचा म्हणेल, तुमच्या राज्यात काय वेगळं झालं? बस्स. घातली दोन कुलपं! आत कुणाची घंटी वाजतेय, ते मग कुणालाच ऐकू यायचं नाही. किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात असते हो. दुसऱ्यानं आधी काढावी म्हणून वाट बघू नका. एवढंच मागणं आहे. मोठं मागायची ताकद आता उरली नाही. हरीचं नाव घ्या आणि जपून घरी जा.

पोपट माने, पळसवडीचा, वकिलातीतला ड्रायव्हर, त्या गुरुवारनंतरच्या शुक्रवारी पहाटे परमुलखातल्या दवाखान्यात वारला. त्याची आई हौसाबाई पुढच्या वर्षी, चैत्रात, एका बाजारच्या दिवशी वारली.