तोंड वासलेला उमेदवार

निःपक्षपातीपणा शिकायचा असेल ना, तर जर्मनीतल्या आमच्या झिंडेलफिंगेन गावच्या जोशींकडून शिकावा. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती, तेव्हा हे रोज कारखान्याच्या कँटीनमध्ये जर्मन पेपर टेबलावर आपटायचे. "विकले गेलेत सगळे!"

मी म्हटलं, "अहो जोशी, तुम्हाला जर्मन वाचता कुठे येतं?"

"वाचायचंय कशाला? फोटो बघा! आपला माणूस नेमका तोंड वासलेला. आणि दुसरा हसतोय, जणू साखरपुड्याला उभा!"

आपला माणूस म्हणे! जोशींना मत ना अमेरिकेत, ना जर्मनीत.

त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक लागली. उमेदवार दोन, जोशींच्या सौ. आणि देशपांडेकाका. मंडळाचं पत्रक काढायचे अर्थातच जोशी. पत्रक आलं. पानभर वहिनी, पैठणीत, हातात आरतीचं तबक. खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे देशपांडेकाका, गणपतीच्या जेवणात अख्खा मोदक तोंडात कोंबताना.

मी विचारलं, "जोशी, हे काय?"

"आल्झो," जोशींनी 'तर मग'साठीचा, येत होता तेवढा एकच जर्मन शब्द टाकला, "ही निर्भीड पत्रकारिता. मोदक काय मी कोंबला होता?"