हळू बोल, म्हणजे ऐकू येईल

चहा घ्या, पण हे ऐकाच. माझी नात प्राची पिस्तूल नेमबाजी करते. स्वस्तातले इअरमफ लावून सराव केला आणि हल्ली तिच्या कानात शिट्टी वाजते. माझे कान शिरोलीच्या फाउंड्रीने खाल्ले, तिचे तरी वाचावेत म्हणून आम्ही चांगले इअरमफ घ्यायला दुकानात गेलो. बरोबर बायको होती, म्हणजे खरेदी शांततेतच होणार होती.

दुकानदार म्हणाला, "हे इलेक्ट्रॉनिक हाय. मोठा आवाज आत सोडत न्हाय, बारीक आवाज वाढवून ऐकवतंय. बार झाला तरी कान सुरक्षित, अन् कोचचं बोलणं ऐकू येतंय."

खात्री पटावी म्हणून त्याने ते प्राचीच्या कानांवर चढवलं आणि टाळी वाजवली. वा! जशी काही प्राची टाळ्या वाजवूनच मेडल आणते.

"टाळीनं काय कळतंय, पावणं? सरका!" म्हणत बायकोने प्राचीच्या कानाशी अशी हाक मारली की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला.

प्राची म्हणाली, "आज्जी, बोल की. नुसतं तोंड का हलवतीयास?"

मग मी ते माझ्या कानांवर चढवलं. कान गेल्यापासून बायको माझ्याशी ओरडूनच बोलते. त्यातलं आता काहीच ऐकू येईना. फार बरं वाटलं.

मी म्हणालो, "मला ऐकू यायला पायजे असंल, तर हळू बोल की."

कितीतरी वर्षांनी ती माझ्या कानाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "घरला चला, मग बघते तुमच्याकडं."

शब्द अन् शब्द ऐकू आला. प्राचीसाठी तेच घेतलं.