वीस मिनिटं दोन हजारावर

आमचे पणजोबा धारला दरबाराच्या पागेत घोडे बघायचे. दक्षिणेतून ते फौजेबरोबर आले, का फौजेच्या मागून चंदीची पोती घेऊन आले, ते कुठे लिहिलेलं नाही. लग्नाकार्यात मात्र सगळ्यांचेच पूर्वज तलवार घेऊन आलेले असतात. घोडे गेले, मोटारी आल्या, तसे आजोबा मोटारींना लागले, वडिलांनी देवासला गॅरेज टाकलं आणि ते दादाच्या हातात आलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मी इंदू. माझे मालक लवकर गेले, मी माहेरी परत आले, आणि नुसतं बसून करायचं काय, म्हणून दादाला पाने-पकडी द्यायला लागले. लोकं म्हणायची, बाई कशी हो गॅरेजात. दादा म्हणायचा, नट काय माणूस बघून फिरतो का, भिया. भिया म्हणजे आमच्या माळव्यातला भाऊ.

आता टॅपिट काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा लांब दांडा असतो, त्याच्यावर लिंबासारखे टोकदार उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा टॅपिटला वर ढकलतो आणि टॅपिट व्हॉल्व्ह उघडतो. बस, मिनिटाला हजार वेळा हेच, लोखंडावर लोखंड. ज्याचा टॅपिट त्याच्याच उंचवट्यावर पाहिजे, एकदा घासून जमले की अदलाबदल नाही. आठ सिलिंडरचे सोळा टॅपिट. ते मांडायला मी अंड्यांचा ट्रे आणला, खड्ड्याखड्ड्यावर नंबर टाकले. आमच्या घरात अंडं कधी आलं नाही, ट्रे आला, तर आईने त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं, आणि टॅपिटांना गंज चढला म्हणून दादाने बोल लावले ते मला.

दादाची नजर तेव्हा जायला लागली होती, शुगरने. काय सांगू तुम्हाला, ते धारचं इंजिन त्याचं शेवटचं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. धारचे भाऊसाहेब, जुन्या सरदार घराण्यातले. जहागीर गेली, फेटा राहिला. आपल्या आजोबांच्या वेळची विलायती गाडी त्यांना मांडूच्या घाटात पळवायची होती, म्हणून नवा तेज कॅम, कडक स्प्रिंगा, नवे टॅपिट. दादाने एकेक टॅपिट त्याच्या भोकात सोडून बघितला, आपल्या वजनाने उतरतो का, बोटाने फिरवला तर फिरतो का. मी डोळे, तो अंगठा. महिना गेला त्याच्यात.

आणि मला शंभरदा सांगितलं, इंदू, नवा कॅम पहिल्यांदा चालू झाला की लगेच मिनिटाला दोन हजार चक्करवर न्यायचा आणि वीस मिनिटं खाली आणायचा नाही. हळू चालवलं तर खालून उडणारं तेल कॅमपर्यंत पोचत नाही, तो कोरडा घासतो, आणि एकदा छिलला की गेला.

धारला अंगणात मांडव, गुरुजी, फोटोवाले, मुहूर्त. दादा खुर्चीवर कान देऊन, एक्सिलरेटरची तार माझ्या हातात. इंजिन लागलं, मी वर नेलं, दादा हसला. आणि भाऊसाहेबांनी हात वर केला, असा, पंजा खाली. इंदूताई, आवाज कमी करा, आरती ऐकू येत नाही. मी दादाकडे बघितलं, पण माझं बघणं त्याला कुठे दिसत होतं. त्या घराचा हात वर झाला की आमच्या घराची मान खाली, तीन पिढ्यांची सवय. मी तार सोडली. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची झाली, मग भाऊसाहेबांचे दोन शब्द, आणि ते काही दोन नसतात. मधेच इंजिनातून टिक, टिक सुरू झालं. टाळ्यांत कोणाला ऐकू आलं नाही. दादाचं हसू गेलं.

आठ दिवसांत मांडूच्या घाटात गाडीचा दम तुटला, ढकलत आणली. भाऊसाहेब चार माणसं घेऊन देवासला आले, काय मिस्त्री, चूक कोणाची. मी तोंड उघडणार तर दादाच म्हणाला, माझी, नजर गेलीय, एखादा टॅपिट नीट बघितला नसेल. आणि मी ते चालू दिलं. सच्ची सांगते, तिथे दुसऱ्यांदा तार सोडली मी. नंतर मला म्हणाला, तू बाई, तुला लोकं सोडणार नाहीत, मला तसंही आता कुठे काम करायचंय. इंदूरची गिऱ्हाइकं म्हणायला लागली, अरे भिया, आंधळ्याकडे काय इंजिन देता.

दोन वर्षांनी भाऊसाहेबांनीच बाहेरून रोलरवाले टॅपिट आणि त्यांना लागणारा कॅम मागवला. ते जुनं इंजिन दुसरं कोणी हातात घेईना, म्हणून गाडी पुन्हा आमच्याकडेच आली. मी इंजिन उघडलं, तेलात लोखंडाचा चुरा चमकत होता, लिंबाची टोकं गेली होती, नुसते गोल लाडू. सगळं धुतलं, बेअरिंग बदलले, रोलर बसवले. रोलर घासत नाही, लोळतो. त्याला वीस मिनिटांची अट नाही, खुशाल हळू चालवा, खुशाल आरत्या करा. म्हणजे बघा, आता हात वर झाला तरी मला बोलायची गरज उरली नव्हती.

तोच मांडव, तेच गुरुजी, खुर्चीवर दादा. मी तार हातात धरली आणि म्हटलं, भाऊसाहेब, आधी ऐका. मागचं इंजिन दादाने बिघडवलं नाही. खाली आणू नको असं त्याने मला सांगितलं होतं, तुमचा हात वर झाला आणि मी आणलं. गुरुजींची घंटी थांबली. भाऊसाहेब म्हणाले, मग तेव्हा का नाही बोललात? मी म्हटलं, तेव्हा मी घाबरले. ते फेटा सारखा करत राहिले. मग दादाजवळ गेले, वाकून म्हणाले, मिस्त्री, चालू करायला सांगा. पुन्हा त्यांनी आम्हाला बोलावलं नाही, तेही बरंच झालं.

आता दादाला काहीच दिसत नाही. गॅरेज आहे, काम थोडं आहे. दुपारी मी त्याच्या हातावर एकेक टॅपिट ठेवते, तो तळावरून अंगठा फिरवतो आणि झिजेवरून नंबर सांगतो, मी ट्रेमध्ये ठेवते. बहुतेक बरोबर असतो. कधी चुकतो. पूर्वी मी हो म्हणून मुकाट्याने बरोबर जागी ठेवून द्यायचे. आता सांगते, दादा, हा सात नाही, नऊ आहे. तो म्हणतो, पुन्हा दे. मी पुन्हा देते. देव त्याचा अंगठा असाच शाबूत ठेवो, आणि माझी जीभ.