लागोपाठ तीन रात्री

नाही नाही, अगं कादंबरी, लॅपटॉप मिटून ठेव आणि हाताने लिही, तरच डोक्यात राहतं — परवा पेपर तुझा आहे, माझा नाही. कुठे होतो आपण? हां, ताबा. रोमन माणसाने एखादी वस्तू बिनतक्रार वापरली की ठरावीक मुदतीनंतर ती त्याची. जमिनीला दोन वर्षं, बाकी सगळ्याला एक. आणि बायको? बायको ‘बाकी सगळ्या’त. हसू नकोस, पुण्याला लॉ कॉलेजात नऊ वर्षं शिकवलंय मी हे, एकही मुलगी हसली नव्हती — तर बायको वर्षभर सलग नवऱ्याच्या घरी राहिली की त्याच्या हाताखाली गेली. तिचं जे काही, ते त्याचं. यावर तोड काय? दरवर्षी लागोपाठ तीन रात्री घराबाहेर काढायच्या. वर्ष मोडतं, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दोन रात्री चालत नाहीत — अधोरेखित कर, हमखास विचारतात.

मला विचार ना. लग्नाला अकरा वर्षं झाली, दरवर्षी बॅग भरून निघते, कधी या मैत्रिणीकडे, कधी त्या — भांडून नाही गं! यतीन स्वतः ड्राइव्ह करून सोडतो. त्याला सांगते, चेंज हवा. कायद्याचं कशाला सांगू? आणि दरवर्षी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन — कुकरची शिट्टी कुठे ठेवलीस, सापडत नाही, ये ना यार. की मी उबर करून ईडन प्रेरीला, आमच्या घरी परत. तिसरी रात्र एकदाही नाही. रोमन हिशेबाने मी केव्हाच गेले की त्याच्या हाताखाली! चिडायचे मी वाटेत — म्हणजे, चिडल्यासारखं करायचे. ती शिट्टी मीच लपवून ठेवायचे ना, कणकेच्या डब्यामागे.

या वर्षी नाही लपवली. जागच्या जागी ठेवून आले. म्हटलं बघू या, शिट्टी नसताना — आपलं, असताना — काय होतं. गुरुवार, शुक्रवार, काल शनिवार, तुझ्याकडेच. झाल्या तीन. कायद्याने मी मोकळी. सकाळी उठल्यापासून चार वेळा फोन बघितला.

तू एक कर, तुझ्या फोनवरून मला रिंग दे. सहज गं. माझा सायलेंटवर गेलाय का, एवढंच बघायचंय.

वाजतोय.

बास, कट कर. पुढचं प्रकरण घटस्फोट. दीड पानाचंच आहे, सोपं आहे — ते तुझं तू वाच.