राखेतला पितळी खिळा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आर्डिस मल्केही, ज्यांच्या हार्डवेअरच्या दुकानातली शेगडी आम्ही गेली एकोणीस वर्षं फुकट शेकतो आहोत. हा हॉल आणि वर कॉफीचं पिंपही देणारे फादर बेनेडेक. सत्कारमूर्ती वेंडेल ओस्ट्रोव्स्की आणि त्यांच्या पत्नी लोरेन. टपाल कचेरीतले त्यांचे जुने सहकारी. आणि बर्फ तुडवत, तळलेल्या माशांची ताटं अर्धी सोडून इथे बसलेल्या माझ्या सर्व मित्रमैत्रिणींनो,

निरोपाच्या भाषणात पाहुण्याचे गुण सांगायचे असतात. मीही तेच करणार आहे. फक्त आधीच कबूल करते, हे गुण मी मोठ्या कौतुकाने जमवलेले नाहीत. एकोणीस हिवाळे मी या माणसाचा हेवा केला आहे, आणि हेवा करणारा माणूस फार बारकाईने बघतो.

साध्या गोष्टीपासून सुरुवात करू. वेंडेल ॲरिझोनाला मुलीकडे राहायला चालले आहेत. आपण सगळ्यांनी ऐकून म्हटलं, "छान, गुडघ्यांना ऊन मिळेल." पण मुलीचं घर कुठे आहे? आपला फेरीमन बेसबॉल संघ हंगामाआधी सराव करतो त्या मैदानापासून चालत दहा मिनिटांवर! आपण इथे घराबाहेरचा बर्फ उपसत रेडिओ ऐकणार, आणि हे गृहस्थ कुंपणाला टेकून पिचरांचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचे, हात बघणार. मागच्या शनिवारी आमच्या शेगडीच्या मंडळींतल्या गस पेरिनने विचारलंही, "काय हो, मुलगी आधी तिथे राहायला गेली, की तुम्हीच तिला पाठवलीत?" तेव्हा लोरेनने वेंडेलकडे बघितलं आणि वेंडेलने छताकडे. गस, हसू नकोस.

टपाल कचेरीतल्या मंडळींना आमच्या शेगडीची रीत माहीत नसेल. हंगामाचा शेवटचा सामना संपला, की पुढच्या आठवड्यापासून दर शनिवारी सकाळी आम्ही आर्डिसच्या दुकानात जमतो. मालकांनी कुणाला विकलं, कुणाला आणलं, कुणाच्या बदल्यात कोण आलं, यावर भांडतो. भांडण म्हणजे भांडणच. डावखुऱ्या पिचरवरून गस आणि त्याचा मेहुणा दोन महिने बोलत नव्हते, आणि तो पिचर एप्रिलमध्ये दुसऱ्याच संघात गेला.

पण नुसतं भांडून घरी जायचं नाही, हा वेंडेलचा नियम. शिव्या देणं सोपं आहे, असं ते म्हणायचे. म्हणून प्रत्येकाने दर हिवाळ्यात एक खेळाडू दत्तक घ्यायचा. चांगला नव्हे, पडलेला. ज्याला सगळं गाव घालवून द्या म्हणतंय, असा. रंगाच्या शेडकार्डाच्या मागे त्याचं नाव आणि खाली आपलं नाव लिहून ते शेगडीमागच्या भिंतीवर ठोकायचं. मग वर्षभर त्याला वाईट बोलायचं नाही, आणि कुणी बोललं तर त्याची बाजू घ्यायची. एका खेळाडूला एकच पालक. भिंतीवर आधी लागेल ते कार्ड खरं. आणि ज्याचा खेळाडू सगळ्यात जास्त सावरेल, त्याने पुढचा हिवाळाभर शेगडीजवळच्या खुर्चीत बसायचं.

एकोणीस हिवाळ्यांत त्या खुर्चीत वेंडेल अकरा वेळा बसले. मी एकदा.

मी इतिहास शिकवते. आकडे मांडते, जुने सामने तपासते, मग खेळाडू निवडते. माझे दत्तक जूनपर्यंत संघाबाहेर असतात. एकाने तर चक्क खेळणं सोडून मधमाश्या पाळल्या. आणि वेंडेल? "कसा निवडता हो?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "बाद झाल्यावर परत येताना तो बॅट कशी धरतो ते बघतो." हे काय उत्तर झालं? घरी जाऊन मी ते डायरीत लिहिलं, आणि खाली लिहिलं, 'ढोंगी म्हातारा.' माफ करा वेंडेल. पुढच्याच पानावर ते खोडलं आहे.

आता सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याकडे येते. इथून पुढचं या कागदावर लिहिताना मी तीनदा उठले.

इलिओ मन्सानो आठवतो? आठवणारच. त्या हंगामात ओळीने अकरा सामन्यांची हार त्याच्या नावावर लागली होती. मैदानात त्याचं नाव पुकारलं की लोक शिट्ट्या मारायचे. गस म्हणायचा, "त्याचा चेंडू बघून माझी सासूसुद्धा कुंपणापार मारेल." मालक त्याला विकणार अशी रोज बातमी. मी मात्र त्याचे सगळे सामने पुन्हा तपासले होते. चेंडू अजून तितकाच वेगात जात होता, नशीब फिरलं होतं इतकंच. पहिल्यांदाच मला खात्री होती.

त्या शनिवारी मी मुद्दाम लवकर गेले. आर्डिसने दार उघडून दिलं आणि त्या दुकानामागे माल उतरवायला गेल्या. भिंत रिकामी होती. पण लाकडांच्या खोक्याशेजारी जमिनीवर एक कार्ड पडलं होतं, फिकट हिरव्या रंगाचं, खिळ्यासकट. आदल्या दिवशी दिवे घ्यायला आले असताना वेंडेलने ते लावलं असणार, आणि गिलावा भुसभुशीत म्हणून ते रात्रीत निखळलं असणार. कार्डावर होतं: 'मन्सानो. वेंडेल.'

आकडे न मांडता! बॅट कशी धरतो म्हणे. मन्सानो तर बॅट धरतच नाही, तो पिचर आहे!

मी तिथे उभी राहून नियमाचा विचार केला. नियम म्हणतो, भिंतीवर असेल ते खरं. हे जमिनीवर होतं. म्हणजे मन्सानो मोकळा होता. युक्तिवाद इतका चोख होता, की आजही मला त्यात खोट सापडत नाही. फक्त एक प्रश्न उरतो. युक्तिवाद इतका चोख होता, तर मी ते कार्ड शेगडीत टाकून वर लाकडं रचून पेटवली कशाला?

थोड्या वेळाने वेंडेल आले. शेगडी पेटवायचं काम त्यांचं. पेटलेली बघून म्हणाले, "अरे वा, आज कोरिनने हात काळे केलेत वाटतं!" सगळे हसले. मीही हसले. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. तिथे माझं कार्ड होतं. त्यांनी ते वाचलं, खाली खोक्याच्या बाजूला बघितलं, आणि म्हणाले, "आर्डिस, एक कोरं शेडकार्ड दे गं." त्यावर त्यांनी डॉब्सचं नाव लिहिलं. तोच डॉब्स, ज्याला मे महिन्यात खालच्या संघात धाडलं.

मन्सानोने त्या वर्षी सोळा सामने जिंकून दिले. तुम्ही माझ्यासाठी केक आणलात. मी हिवाळाभर त्या खुर्चीत बसले. पाठ शेकत होती आणि मला वाटायचं, सगळ्यांना वास येतोय.

तरीही हेवा संपला नाही, याचंच मला नवल वाटतं. कारण त्या हिवाळ्यात वेंडेल एक पोस्टकार्ड घेऊन आले. ते आपल्या दत्तकांना दर महिन्याला पत्र लिहायचे, हे मला तोवर माहीतही नव्हतं. डॉब्सने उत्तर पाठवलं होतं: 'या वर्षी मला आलेली सगळी पत्रं एकाच माणसाची आहेत.' मी खुर्चीत बसून ते वाचलं. माझ्या मन्सानोला मी एक ओळ लिहिली नव्हती. मला तो नव्हे, खुर्ची हवी होती.

मी रोज डायरी लिहिते. दात दुखला तरी लिहिते. त्या शनिवारच्या पानावर फक्त हवामान आहे.

या हिवाळ्यात खुर्ची वेंडेलची आहे, आणि गाव सोडणाऱ्याने ती कुणाला द्यायची ते सांगायचं, ही आमची रीत; मागच्या शनिवारी त्यांनी ते सांगितलं. म्हणाले, "कोरिनला." टाळ्या झाल्या. गस ओरडला, "हिला? हिचा माणूस मधमाश्या पाळतोय!" निघताना वेंडेलने माझ्या हातात एक काडेपेटी ठेवली. "हे तुझ्याकडे असू दे पोरी. त्या वर्षी राख काढताना सापडलं."

गाडीत बसून उघडली. आत एक पितळी खिळा होता, जळून काळा पडलेला. टपाल कचेरीतल्या जुन्या खणांवर असायचे तसला. शेगडीच्या मंडळींत असले खिळे फक्त वेंडेल वापरतात.

सहा वर्षं, मंडळी. सहा वर्षं त्यांना माहीत होतं. आणि दर शनिवारी ते माझ्या कॉफीत दोन चमचे साखर घालून देत राहिले. मला त्यांच्या नजरेचा हेवा होता, नशिबाचा होता. आता या गप्प राहण्याचा आहे, आणि हा सगळ्यांत वाईट आहे, कारण हे मला कधीच जमणार नाही. बघा ना, मला सांगायला भरलेला हॉल लागला.

ती खुर्ची मी घेऊ शकत नाही. पण रिकाम्या हाताने आलेले नाही.

या हिवाळ्यात मालकांनी इलिओ मन्सानोला परत आणलंय. चौतीस वर्षांचा, कोपराची शस्त्रक्रिया झालेला, दोन संघांनी सोडून दिलेला. पाच शनिवार आपण यावर भांडलो. "जुनं भंगार कशाला?" म्हणत सगळ्यांनी हात झटकले, आणि भिंतीवर त्याचं कार्ड कुणीच लावलं नाही. वेंडेल, तुम्हीही नाही. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, हे मला आज कळतंय.

आज सकाळी मी ते लावलं. फिकट हिरवा रंग आर्डिसने शोधून दिला. त्यावर 'मन्सानो. वेंडेल.' लिहिलंय, आणि ठोकलंय त्याच काळ्या खिळ्याने. या वेळी गिलाव्यात नाही, लाकडाच्या चौकटीत. आता वर्षभर त्याची बाजू तुम्ही घ्यायची. कुंपण तुमच्या घराजवळ आहे, तेव्हा पत्र नको, हाक मारा. तो सावरला तर पुढच्या हिवाळ्याची खुर्ची तुमची, आणि तोवर तिच्यावर दुकानातली मांजर बसेल. नाही सावरला तरी मी त्याला एक पत्र लिहिणार आहे. सहा वर्षं उशिरा.

आर्डिस, फादर, हॉल सजवणाऱ्या बायका, मासे तळणारे स्वयंसेवक, सगळ्यांचे आभार. लोरेन, आमचे शनिवार तुम्ही सहन केलेत, तुमचे विशेष. बोलताना कुठे नाव चुकलं असेल, आकडा चुकला असेल, गसच्या सासूबाई दुखावल्या असतील, तर मोठ्या मनाने माफ करा.

त्या एका कार्डाचं मात्र, वेंडेल, आज लगेच माफ करू नका. हंगाम संपेपर्यंत, सप्टेंबरपर्यंत थांबा. मन्सानो कसा खेळतो ते आधी बघू.