हद्दीचे दोन दगड, ३.३ फूट

मी, निवृत्त मोजणीदार, वय ६१ वर्षे, सध्याचे काम शेती, राहणार थोरल्या भावाच्या शेताला लागून असलेले घर, आज सकाळी ११ वाजता पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगतो की,

वडिलांची चार एकर जमीन बावीस वर्षांपूर्वी आम्हा दोघा भावांत वाटली गेली. मोजणी मीच केली. जाण्यायेण्याचा रस्ता दोन्ही शेतांतून निम्मा निम्मा घ्यायला हवा होता. नकाशावर रेघ सरळ यावी म्हणून मी तो सगळा भावाच्या बाजूने घेतला. त्यामुळे माझे क्षेत्र पुरे दोन एकर झाले आणि त्याचे एक गुंठा कमी भरले. हे त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "रेघ सरळ आली ना? मग झालं. वाकडी आली असती तर तुला आठवडाभर घास उतरला नसता."

गेल्या वर्षी नियम आला की, दोन एकरांपेक्षा कमी शेतजमिनीवर घर बांधता येणार नाही. भावाचा अर्ज नामंजूर झाला. तो व वहिनी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. मागील महिन्याच्या १९ तारखेला तो शेडमध्येच वारला. त्याबद्दल मला जास्त सांगायचे नाही.

या नियमावर लोकांची मते घेण्यासाठी मंगळवारी शाळेत सभा झाली. फळबागवाले शेजारी नियमाच्या बाजूने बोलले. "असेच तुकडे पाडत जा, म्हणजे नातवंडं कुंडीत शेती करतील." दूधवाली म्हणाली, "आणि राहतील कुठे? त्याच कुंडीत?" लोक हसले. वहिनी उठून म्हणाल्या, "मला दोन खोल्या हव्यात. एका गुंठ्यावाचून सरकारचं काय अडलंय, तेवढं सांगा." नियोजन अधिकारी म्हणाले, "बाई, नियम सगळ्यांना सारखा. मोजणी ज्यानं केली त्याला विचारा."

मी शेवटच्या रांगेतून उभा राहिलो. मोजणी माझी आहे व माझा एक गुंठा वहिनींना देतो, असे सांगितले. अधिकारी म्हणाले की, तसे केल्यास माझे क्षेत्र दोन एकरांखाली जाईल, म्हणून तेही चालणार नाही. त्यावर फळबागवालेच म्हणाले, "साहेब, हे मात्र अति झालं."

बुधवारी सकाळी ९ वाजता मी सामाईक बांधाच्या दोन्ही टोकांचे हद्दीचे दगड माझ्या शेतात ३.३ फूट आत सरकवले. बांध ३३० फूट लांब आहे. हिशेब बरोबर एक गुंठ्याचा आहे. टेपचे दुसरे टोक फळबागवाल्यांनी धरले. ते म्हणाले, "धरतोय म्हणजे मत बदललं असं समजू नकोस." पहार मी चालवली. त्यांचा यात दोष नाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उद्या तुमचं घर पडलं तर परत बांधू द्यायचे नाहीत." मी चालेल म्हटले.

त्याच दिवशी दुपारी नवीन नकाशा काढून, खाली सही करून, मी तो नियोजन कार्यालयात दिला. दगड जागेवर नेऊन बसवा, असे मला सांगण्यात आले आहे. मी बसवणार नाही. कार्यालयाने बसवल्यास पुन्हा काढीन, तेही दिवसाढवळ्या.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात 'अनवधानाने' असा एक शब्द मी न सांगता आला होता. तो मी खोडायला लावला व तेथे सही केली. आता मजकूर बरोबर आहे.