गोडाच्या माश्या

...कृती? टाकळ्याची कृती तुम्ही मला विचारता? मला? अहो, महिला मंडळात बोलावलंत, गजरा दिलात, समोर तांब्याभांडं ठेवलंत, मला वाटलं काहीतरी चांगल्या विषयावर बोलायला सांगाल, आणि विषय काय, तर रानभाज्या! अगं हौसाबाई, पदराआड हसतेस काय? शेजारीण ना तू माझी? तूच सुचवलंस माझं नाव, कळलं मला!

तर ऐका. चूक माझीच. मागच्या साली ऋषिपंचमीला मी ऋषीची भाजी केली. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हातानं लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं तेवढंच खायचं, हे तुम्हाला काय सांगायचं! माठ, अळू, शिराळं, मक्याचं कणीस... ह्यांनी तीनदा मागून घेतली, बोटं चाटली, आणि ताटावरच डोळे मोठे करून म्हणाले, "अगं, माणूस एक दिवस बैलाशिवाय जगतो ना? मग अनंत चतुर्दशीपर्यंत का नाही जगणार? कशाला त्या रेशनच्या रांगा? निसर्ग देतो! फुकट देतो!"

बरं, घरात बोलले, घरात राहू द्यावं की नाही? छे! संध्याकाळी सार्वजनिक गणपतीच्या मांडवात उभे राहिले, कर्णा हातात घेतला आणि सगळ्या डोंबिवलीला ऐकू जाईल असं, "विसर्जनापर्यंत आमच्या घरात बैलाच्या कष्टाचा दाणा शिजणार नाही!" टाळ्या! आणि रेशनकार्डं, तांदळाचा डबा, पिठाचा डबा, सगळं गणपती मंडळाच्या अण्णांकडे ठेवून मोकळे! अण्णा म्हणाले, "शब्द पाळलात तर शाल आणि नारळ!" शाल आणि नारळ... आणि मी काय शाल शिजवू?

हो, ह्यांचं नाव तुम्हाला सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आता मी ते कशी घेऊ? तोंडात येत नाही हो, लग्न झाल्यापासून नाही आलं. पंचामृत करता ना? दूध, दही, तूप, त्यानंतर चौथं काय? हां! त्याला शेवटी उकार द्या. झालं. म्हणून आमच्या घरी मी त्याला 'गोड' म्हणते आणि ते करणाऱ्यांना गोडाच्या माश्या. हसा, हसा! तुमच्या ह्यांची नावं गोविंद नि केशव, तुम्हाला काय कळणार?

तर दुसऱ्या दिवशी पहाटेच हे पिशवी घेऊन निघाले. तेव्हा डोंबिवलीत काय, स्टेशन सोडलं की रान! पिशवीभर टाकळा घेऊन आले, चेहरा असा, जणू लंकाच जिंकली! अहो, पण टाकळा खायचा आषाढात, कोवळा असतो तेव्हा. भाद्रपदात त्याला शेंगा धरतात, पान असं जून होतं की दातच म्हणतात, बाई, आम्ही येतो! मी म्हटलं, "फोडणीला तेल?" तर म्हणाले, "तेल घाण्याचं, घाण्याला बैल!" मी म्हटलं, "गूळ तरी?" "गूळ उसाचा, ऊस नांगराचा, नांगराला बैल!" मग मी म्हटलं, "आणि मीठ बैलगाडीतून येतं, त्याचं काय?" तेव्हा मात्र ह्यांना एकदम ऐकू येईनासं झालं.

सकाळी टाकळा, दुपारी टाकळा, रात्री कुरडू, कुरडूला तुरे आलेले! पाला खाऊन पोट तुडुंब होतं हो, पण भूक? भूक जागची हलत नाही! भाताचा वास आला की हे हौसाबाईच्या खिडकीखाली जाऊन उभे. विचारलं तर, "वारा खातोय." आणि रान तरी किती पुरणार? ह्यांच्या भाषणानं पेटलेले आणखी चारजण पिशव्या घेऊन हिंडत होते, त्यांच्यामागून शेळ्या! मग एक दिवस हे कंटोळी घेऊन आले, आणि पाठोपाठ पाथर्लीचा गुणाजी दारात! "ओ दादा, त्यो रान नाय, माजा कुपान हाय! मी लावलंय त्याच्यावर!" कंटोळी परत. मी म्हटलं, निसर्ग देतो, पण गुणाजी देत नाही!

इथवर मी हसण्यावारी नेलं. पण माझी धाकटी बहीण हेमा तेव्हा आमच्याचकडे असायची ना? वडील नाहीत आम्हाला. तिचं लग्न व्हायचं तर माझ्याच दारातून. दोन ठिकाणांहून नकार आलेला, रात्री उशीत तोंड खुपसून रडायची पोर. आणि नेमकं त्याच आठवड्यात कल्याणहून पत्र, मुलगा हायस्कुलात मास्तर, रविवारी आई-वडील मुलाला घेऊन येतायत. आणि घरात काय? टाकळा! पोहे हौसाबाईनं कुंपणावरून चोरून दिले, देव तिचं भलं करो. साखर मात्र तिच्याकडेही नव्हती. बिनसाखरेचा चहा मुलाकडच्यांना? मी रडकुंडीला आले, तर हे उठलेच! "अगं, विहिरीपाठच्या आंब्यावर पोळं आहे! निसर्ग देतो!"

मी म्हटलं, अहो, जाऊ नका, पाहुणे येतील. "गाडीला वेळ आहे!" म्हणाले, धोतर खोचलं, पेटत्या पेंढ्याची जुडी घेतली आणि चढले. आणि गाडी? त्या दिवशीच वेळेवर! पाहुणे दारात! मुलाची आई ओटीवर बसली आणि वडील म्हणाले, "आधी पाय धुऊ." मुलाला घेऊन थेट विहिरीवर! त्याच आंब्याखाली! मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय, वरून धूर, धुरातून काळा ढग खाली येतोय, आणि खाली माझे होणारे व्याही शांतपणे टाचा घासताहेत! ओरडायला तोंड उघडलं, आणि शब्द? तो शब्द येईना! काही केल्या येईना!

"पळा!" म्हटलं, "गोडाच्या माश्या!"

व्याही माझ्याकडे बघून म्हणतात, "कसल्या?"

"गोडाच्या! गोडाच्या माश्या!"

"गोडे मासे? छे छे, वहिनी, आमच्याकडे मासे चालत नाहीत!"

अहो, तेवढ्यात माझ्या बाजूनं काहीतरी सुसाट गेलं. हेमा! मान खाली घालून पोह्यांची बशी धरून बसायची ती हेमा, खांद्यावर घोंगडी घेऊन विहिरीकडे धावली आणि तो शब्द म्हणाली, खणखणीत, पुऱ्या गावाला ऐकू जाईल असा! मेहुण्याचं नाव ते, तिला काय अडचण? घोंगडी टाकली मास्तरांच्या वडिलांच्या डोक्यावर आणि ओढत आणलं घरात. ते बघून ओटीवरून मुलाच्या आईनं किंकाळी फोडली, मुलाला हाक मारली, नावानं... आणि झाडावरून हे म्हणाले, "ओ! आलो!"

कळलं का काही? मुलाचं नावही तेच! पंचामृतातलं चौथं! आणि 'ओ' म्हणताना ह्यांचा हात सुटला आणि हे थेट खालच्या अळवात. निसर्गानं झेललं हो, तेवढं मात्र दिलं.

ह्यांचे डोळे दिसेनासे झाले, व्याह्यांचं नाक वांग्याएवढं. हेमा आपली एकेकाच्या डंखांवर चुना लावतेय. मला वाटलं, संपलं, पोरीचं नशीब पुन्हा फुटलं. तर व्याही नाकातून म्हणतात, "ठरलं! हीच सून! दुसरी असती तर लाजत बसली असती आणि मी तिकडेच आटपलो असतो." अहो, मी रडले! खरंच रडले! बिनसाखरेचा चहा प्यायले सगळे, कुणाला कळलंसुद्धा नाही.

विसर्जनाला अण्णांनी ह्यांना शाल दिली. ह्यांनी नारळ तिथेच फोडून उभ्या उभ्या संपवला आणि विचारलं, "तांदळाचा डबा कुठाय?"

तर टाकळ्याची कृती ना? थांबा, सांगते. आता हेमा माहेरपणाला आलीय. आणि काल बघते तर आंब्यावर परत पोळं, आणि पोळ्याखाली हे, हातात पेंढा! मी हेमाकडे बघितलं, ओरड गं म्हटलं. तिनं तोंड उघडलं... आणि मिटलं! तिच्याही नवऱ्याचं नाव ते! शेवटी दोघी बहिणी एका सुरात ओरडलो, "पळा! गोडाच्या माश्या!"

आणि हे वर बघत काय म्हणतात?

"कसल्या गं?"